बझर दाबला? मग पुढचं सांगा!

प्रति,
नागपुरातल्या आंतरशालेय आणि आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजुषांचे आयोजक, प्रश्नकर्ते आणि परीक्षक यांस

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आपल्या शहरात प्रश्नमंजुषांचे दिवस सुरू होतात. शाळांची स्नेहसंमेलनं, कॉलेजांचे महोत्सव, मग २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन. लेखी चाळणीतून पाच-सहा संघ मंचावर येतात, एक-दोन फेऱ्या होतात आणि शेवटी बझर. मुलं खरं तर त्या शेवटच्या फेरीसाठीच आलेली असतात. मी इथल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, दरवर्षी संघ तयार करते, आणि या बझर फेरीसाठी एक नवा नियम तुमच्यापुढे ठेवते आहे. नियम खेळकर आहे, पण मागणी अगदी मनापासून आहे.

नियम असा: प्रश्न वाचून व्हायच्या आत ज्यानं बझर दाबला, त्यानं उरलेला प्रश्न आधी स्वतः पूर्ण करायचा आणि मगच उत्तर द्यायचं.

आमच्या वर्गात याला ‘पुढचं सांग’ म्हणतात. कुणी मध्येच बझर दाबला की प्रश्नकर्ता वाचणं थांबवतो, हात वर करतो आणि सगळं सभागृह एका सुरात ओरडतं, “पुढचं सांग!” मग त्या संघाला दहा सेकंद. त्यात प्रश्नाचं शेपूट जोडायचं आणि उत्तरही द्यायचं.

समजा, प्रश्नकर्ता वाचतो आहे: “१९५६ हे साल नागपूरच्या इतिहासात महत्त्वाचं मानलं जातं, कारण त्या वर्षी...” आणि बझर वाजला. आजच्या नियमानं मुलगी उभी राहून म्हणेल, “दीक्षाभूमी.” कार्डावर मात्र प्रश्न असा आहे: “...कारण त्या वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर एका राज्याची राजधानी राहिलं नाही. ते राज्य कोणतं?” उत्तर मध्य प्रदेश. म्हणजे तिचं उत्तर चूक, पाच गुण वजा, आणि पुढचे दोन प्रश्न तिची बझरला हात लावायची हिंमत होत नाही.

आता तोच प्रसंग नव्या नियमानं घ्या. ती म्हणते, “...कारण त्या वर्षी १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती जागा आज कोणत्या नावानं ओळखली जाते? दीक्षाभूमी.” यात एक अक्षर चुकीचं नाही. कार्डावरचा प्रश्न वेगळा होता, एवढंच. तिला थोडे गुण मिळावेत आणि मूळ प्रश्न बाकीच्या संघांसाठी पूर्ण वाचला जावा. मग बसलेल्या प्रत्येकाच्या लक्षात येईल की या दोन गोष्टी एकाच शहरात अवघ्या अठरा दिवसांच्या अंतरानं घडल्या. इतिहासाच्या तासाला मी हे सांगते तेव्हा मुलं मुकाट्यानं वहीत लिहून घेतात. बझरच्या गडबडीत ऐकलेलं मात्र त्यांच्या डोक्यातून जात नाही.

हा नियम मला का हवासा वाटतो, ते आता नीट सांगते.

बझरची पेटी कशी चालते ते आपल्या मुलांना चांगलं ठाऊक आहे. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी कुणी ना कुणी ती बनवून आणतंच. ज्याचं बटण सगळ्यात आधी दाबलं जातं त्याचा दिवा लागतो आणि त्याच क्षणी बाकीच्यांची बटणं बंद होतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका फरकही पेटीला कळतो. माणसाला आवाज ऐकून बोट हलवायला साधारण १५० ते २०० मिलिसेकंद लागतात, आणि मुलामुलात त्यात थोडाफार फरक असतोच. म्हणजे दोन मुलांना उत्तर येत असेल तर निवड बोटांची होते. वर्षानुवर्षं स्पर्धेला जाणाऱ्या संघांना हे कळलेलं असतं, म्हणून ते उत्तर आठवायच्या आधी बझर दाबतात आणि दाबल्यावर आठवतात. शेजारचा कुजबुजतो, “दाब ना बे!” आणि उत्तर आलं नाही की तोच विचारतो, “काहून दाबला बे?” मुलांचा यात काही दोष नाही. नियमानं त्यांना जे शिकवलं ते ती शिकली.

इतर ठिकाणी यावर उपाय झालेले आहेत. अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ कार्यक्रमात १९८५ पासून प्रश्न पूर्ण वाचून होईपर्यंत बटण चालतच नाही, आणि घाईनं आधी दाबलं तर पाव सेकंद ते बंद पडतं. ब्रिटनमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये मध्येच दाबायची मुभा आहे, पण प्रश्न तोडून चुकलात तर पाच गुण जातात. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा या दुसऱ्या वाटेनं चालतात. अमेरिकी कॉलेजांतल्या ‘क्विझबोल’ स्पर्धांमध्ये प्रश्न लांबलचक असतो, अवघड धागा आधी आणि सोपा शेवटी. लवकर ओळखलं तर दहाऐवजी पंधरा गुण. आपल्या कॉलेजांच्या क्विझमध्ये ‘पाउन्स’ आहे, कागदावर उत्तर लिहून द्यायचं. तिथं बोटाच्या वेगाचा प्रश्नच येत नाही.

हे सगळे मार्ग मला मान्य आहेत, पण शाळेच्या मुलांसाठी पुरेसे वाटत नाहीत. बटण बंद ठेवलं तर न्याय होतो, पण अर्ध्या वाक्यावर प्रश्न ओळखण्याची गंमत जाते, आणि त्या गमतीसाठीच तर मुलं हट्टानं संघात येतात. नुसती वजाबाकी ठेवली तर धीट मूल दाबत राहतं आणि भिडस्त मूल गप्प बसतं. ‘पुढचं सांग’ नियमात घाई करायची मोकळीक आहे, पण त्या घाईला डोकं लागतं. प्रश्न कुठे चाललाय हे खरोखर समजलं असेल तरच दाबावं लागतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले, त्या भाषेच्या मुद्द्याकडे येते. आपल्या शहरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही माध्यमांची मुलं एकाच मंचावर येतात, आणि हे मला फार आवडतं. पण प्रश्न बहुतेक वेळा आधी इंग्रजीतून वाचला जातो, मग मराठीतून किंवा हिंदीतून. बझर मात्र पहिल्या वाचनापासूनच सुरू असतो. मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजी कळत नाही असं नाही. तिला मनात भाषांतर करायला एक क्षण जास्त लागतो, आणि त्याच क्षणात बझर वाजून जातो. तिचा प्रश्न तिच्या भाषेत येईपर्यंत त्याचं उत्तरही होऊन गेलेलं असतं. कुठल्याही आयोजकानं हे मुद्दाम केलेलं नाही. तुम्ही दोन भाषांत वाचता तेच मुळी मुलांच्या सोयीसाठी. पण वाचनाचा क्रम ठरला की निकालही बराचसा ठरून जातो, हे मी मंचाच्या पायरीशी बसून पुन्हापुन्हा पाहिलेलं आहे.

नव्या नियमात प्रश्नाचं शेपूट कुठल्याही भाषेत जोडता येईल. प्रश्न इंग्रजीत तुटला आणि मुलीनं तो मराठीत पूर्ण केला तरी चालेल. हिंदीत केला तरी चालेल. अर्धं हे अर्धं ते, जसं नागपुरात कोपऱ्याकोपऱ्यावर बोललं जातं तसं बोलली तरी चालेल. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही यात तोटा नाही. उलट आज बझर दाबून एका शब्दाचं उत्तर दिलं की काम संपतं. नव्या नियमात त्यांनाही पूर्ण वाक्य बोलावं लागेल, तेही माहितीनं भरलेलं. सोबत एक छोटी विनंती: वाचनाची भाषा प्रश्नागणिक बदला. एक प्रश्न आधी मराठीत, दुसरा आधी इंग्रजीत, तिसरा आधी हिंदीत. यासाठी नवा नियम करायचीही गरज नाही, कार्डांवर कोपऱ्यात एक अक्षर लिहून ठेवलं की झालं.

गुणांची व्यवस्था मी अशी सुचवते. प्रश्नकर्त्यानं आधीच प्रत्येक कार्डावर, जिथे प्रश्न वळण घेतो तिथे, पेन्सिलीनं एक उभी रेघ मारावी. रेघेनंतर दाबलेला बझर साधा. उत्तर बरोबर असेल तर नेहमीचे दहा गुण, शेपूट जोडायची गरज नाही. रेघेच्या आधी दाबला तरच ‘पुढचं सांग’. शेपूट कार्डावरच्या वळणाला जुळलं आणि उत्तरही बरोबर आलं तर पंधरा. उत्तर कार्डावरचंच, पण शेपूट वेगळं आणि तरीही खरं असेल तर दहा. वर दीक्षाभूमीचं झालं तसं, शेपूट आणि उत्तर दोन्ही स्वतंत्रपणे खरी पण कार्डापेक्षा निराळी असतील तर पाच, आणि मूळ प्रश्न इतरांसाठी पूर्ण वाचायचा. उत्तर बरोबर पण पुढचं काहीच सांगता आलं नाही, तर शून्य. उत्तर फुटल्यामुळे तो प्रश्न बाद आणि राखीव गठ्ठ्यातला एक प्रश्न त्याच्या जागी. बाकी सगळ्याला उणे पाच.

यात एक अट महत्त्वाची आहे. शेपटात निदान एक नवी माहिती असली पाहिजे, जी आतापर्यंत वाचलेल्या भागात नव्हती. नाही तर मुलं “...त्याचं नाव काय?” एवढंच म्हणून मोकळी होतील. साल, ठिकाण, माणूस, कारण, काहीही चालेल. पण नवं आणि खरं.

वादावादी होईल, ही पहिली शंका तुमच्या मनात आलीच असेल. थोडी होईल. पण आजही “आमचा दिवा आधी लागला होता” यावर वाद होतातच, आणि त्यांचा कुणालाच काही उपयोग नसतो. शेपूट खरं की खोटं यावर वाद झाला तर निदान कुणीतरी जाऊन पुस्तक उघडेल. खरेपणाबद्दल जागेवर खात्री करता आली नाही, तर परीक्षकांनी त्या संघाला ना गुण द्यावेत ना कापावेत. दुसरी शंका वेळेची. बझर फेरी थोडी लांबेल, म्हणून प्रश्न कमी घ्या. वीस घाईच्या प्रश्नांपेक्षा बारा रंगलेले प्रश्न मुलांना जास्त आवडतील याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि तिसरी, प्रश्नकर्त्यावर कामाचा भार. तो खरंच वाढतो. रेघ मारायची म्हणजे आपला प्रश्न नेमका कुठे वळतो ते त्याला आधी शोधावं लागतं. पण हे काम करायला बसलं की ज्या प्रश्नाला वळणच नाही तो कच्चा आहे हेही कळतं आणि तो गठ्ठ्यातून निघून जातो.

आमच्या शाळेत रिकामी तासिका मिळाली की आम्ही हा खेळ खेळतो. बझर नसतो, बाकावर थाप मारायची. सुरुवातीला मुलं चाचपडली, उत्तर यायचं पण शेपूट सुचायचं नाही. मग हळूहळू एक बदल झाला, जो मला अपेक्षितच नव्हता: मुलं प्रश्न काढायला लागली. एकदा फळ्यावर मी इतकंच लिहिलं, “डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात...” आणि पुढचं त्यांना पूर्ण करायला सांगितलं. एकीनं जोडलं, “...अध्यक्षस्थानी कोण होतं?” सी. विजयराघवाचारी. दुसऱ्यानं, “...कोणत्या आंदोलनाच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं?” असहकार. मागच्या बाकावरच्या एका मुलानं, जो एरवी तोंड उघडत नाही, सांगितलं, “...प्रांतिक समित्या कशाच्या आधारावर नेमायचं ठरलं?” भाषेच्या. हे शेवटचं मी कधी शिकवलेलंच नव्हतं. त्याच्या घरी जुनी मासिकं येतात, तो ती वाचतो. नुसत्या उत्तराच्या फेरीत हे मूल मला कधी दिसलंच नसतं.

क्रिकेटचे प्रश्न तर या नियमासाठीच जन्मले आहेत असं वाटतं. “विदर्भानं रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला त्या अंतिम सामन्यात...” इथे थांबवलं की वर्ग फुटतो. समोर दिल्ली होती, सामना इंदूरला झाला, कर्णधार फैज फजल होता, रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली. चार शेपटं, चारही खरी, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच कार्डावर असणार. रेघ ‘हॅटट्रिक’च्या आधी मारायची की ‘गोलंदाज’च्या आधी, यावर आमच्या वर्गात पोरांनी माझ्याशी हुज्जत घातली, आणि त्यांचं बरोबर होतं.

दिव्या देशमुखचं उदाहरण मुलींना फार आवडतं. “नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली जॉर्जियातल्या बटुमी इथं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा...” आता पुढे काय? अंतिम फेरीत तिनं कुणाला हरवलं, तर कोनेरू हंपीला. त्या विजयानं तिला कोणता किताब मिळाला, तर ग्रँडमास्टर. दोन्हीपैकी नेमकं कार्डावर काय आहे हे ओळखायला प्रश्न काढणाऱ्याच्या मनात शिरावं लागतं. वर्तमानपत्रातली बातमी एवढ्या बारकाईनं वाचायची सवय यातूनच लागते.

आणि एक जुना प्रश्न, ज्यात वळण फार सुरेख आहे: “१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आलं. त्याच दिवशी...” इथपर्यंत ऐकून शंभरातले नव्वद दिल्लीचं काही तरी सांगतील. ज्याला माहीत आहे तो म्हणेल, “...त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कोणती कापड गिरणी सुरू झाली? एम्प्रेस मिल.” रेघ अर्थातच ‘त्याच दिवशी’च्या पुढे. असा एक प्रश्न बझर फेरीत पडला की आपल्या शहरातली ती बंद पडलेली गिरणी मुलांना पुन्हा नव्यानं दिसते.

माझी मागणी एवढीच आहे. येत्या हंगामात कुठल्याही एका स्पर्धेत, कुठल्याही एका बझर फेरीत, हा नियम करून पाहा. सगळ्या फेऱ्या बदलू नका. गुणांचे आकडे तुमच्या पद्धतीनं ठरवा. माझे आकडे सुरुवातीपुरते आहेत, अनुभवानं बदलावे लागतील. मुलांना मात्र तो आधी कळवा, महिनाभर तरी आधी, नाही तर ज्यांच्याकडे सरावाची साधनं आहेत त्याच शाळा पुन्हा पुढे जातील. या नियमाचा सराव करायला बाकडं आणि वर्तमानपत्र पुरतं, त्यामुळे ज्या शाळेत बझरची पेटी नाही तिलाही तो करता येईल.

प्रश्नमंजुषेच्या तयारीच्या बैठका साधारण नोव्हेंबरात होतात. तुम्ही बोलवाल त्या बैठकीला मी येईन. पेन्सिलीची रेघ मारलेला नागपूरविषयक प्रश्नांचा एक गठ्ठा माझ्याकडे तयार आहे, तो सोबत आणेन. तुम्हाला हवे ते प्रश्न वापरा, नको ते बाजूला काढा. परीक्षकांपैकी कुणाला आधी हा खेळ पाहायचा असेल तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमच्या वर्गात या. मुलं तुम्हालाही सोडणार नाहीत. तुम्ही प्रश्न मध्येच तोडलात तर तुम्हालाही पुढचं सांगावं लागेल.

आपली,
मराठी माध्यमाच्या एका शाळेतील शिक्षिका
नागपूर